एक गाणे, अनेक संगणक

एका ज्योतीने दुसरी ज्योत पेटविली, तरी पहिलीचा प्रकाश उणा होत नाही. संगीताची गोष्ट मात्र पूर्वी अशी नव्हती. ग्रामोफोनची तबकडी शेजाऱ्याला ऐकावयास दिली, की ती परत येईपर्यंत देणाऱ्याच्या घरी ते गाणे ऐकू येत नसे. संगणकाने ही अडचण दूर केली. माडीवरील संगणकात साठविलेले गाणे तळमजल्यावरील संगणकावर ऐकता येते आणि तरीही ते मूळ जागेवरून तसूभरही हलत नाही. हे कसे बरे घडते?

संगणकाला सूर कळत नाहीत. त्याला केवळ आकडे कळतात. म्हणून प्रथम ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करावे लागते. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ध्वनिलहरीचे माप दर सेकंदाला ४४,१०० वेळा घेतात. अशा पाच मिनिटांच्या गाण्याला सुमारे ५ कोटी २९ लाख बाइट जागा लागते. 'एमपी-थ्री' ही पद्धत मोठ्या ध्वनीच्या आड कानाला जाणवत नाहीत असे सूक्ष्म ध्वनी गाळून टाकते. त्यामुळे तेच गाणे सुमारे ४८ लाख बाइटांतही मावू शकते.

एका घरातील किंवा शाळेतील संगणक तारांनी अथवा बिनतारी लहरींनी जोडले, म्हणजे 'स्थानिक जाळे' तयार होते. अशा जाळ्यासाठी उपयोगी पडणारी 'इथरनेट' ही योजना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली अमेरिकेत मांडली. इथरनेटवरून गाणे अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे करतात. एका तुकड्यात फार तर १५०० बाइट मावतात. म्हणजे वरील लहान केलेल्या गाण्याचेही तीन हजारांहून अधिक तुकडे होतात! प्रत्येकावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो.

परंतु कोणाजवळ कोणती गाणी आहेत, हे समजावे कसे? ॲपल कंपनीने २८ एप्रिल २००३ रोजी आपल्या 'आयट्यून्स'मध्ये ही सोय केली. गावात दवंडी पिटावी, तसा एक संगणक जाळ्यातील इतरांना आपल्याजवळील संग्रहाची वर्दी देतो. या दवंडीच्या पद्धतीला पुढे 'बॉन्झूर' हे नाव मिळाले. फ्रेंच भाषेत हा नमस्काराचा शब्द आहे. वर्दी मिळताच दुसरा संगणक गाण्यांची यादी मागवितो. ऐकणाऱ्याने गाणे निवडले, की तुकडे येऊ लागतात. हौदात थोडे पाणी साठवून मग तोटी सोडावी, त्याप्रमाणे काही तुकडे आधी साठवून ठेवतात. त्यामुळे मार्गात क्षणभर विलंब झाला, तरी सूर तुटत नाही.

या सोयीचा दुरुपयोगही झाला. प्रारंभी दूरदूरच्या लोकांनाही परस्परांचे संग्रह उघडता येत. काहींनी युक्तीने गाणी ऐकण्याऐवजी त्यांच्या नकलाच उतरवून घेण्यास आरंभ केला. गायक, वादक व कवी यांच्या श्रमांचा मोबदला त्यामुळे बुडू लागला. म्हणून मे २००३ मध्येच ही सोय स्थानिक जाळ्यापुरती मर्यादित करण्यात आली.

घरातील माणसांनी मिळून गाणे ऐकावे, यात आनंद आहे. मात्र ज्योतीने ज्योत पेटविताना पहिल्या दिव्यात तेल कोणी घातले, याचे विस्मरण होऊ नये.