आगीत सापडलेला ट्रेलर : पारख आणि दुरुस्ती

बुलडोझर, एक्स्कॅव्हेटर, रस्त्याचा रूळ ही अवजड यंत्रे लांबचा प्रवास स्वतःच्या चालीने करीत नाहीत. सिंगरौली, कोरबा किंवा नेवेली येथील खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ती सखल पाटाच्या, अनेक चाकांच्या ट्रेलरवर चढवून नेली जातात. वीस-तीस टनांचा भार दोन लांब पोलादी तुळयांवर तोललेला असतो आणि हे सारे गावाच्या बाजारपेठेतून, पुलांवरून व घाटातून जावयाचे असते. अशा ट्रेलरला आग लागून ती विझली म्हणजे मालकापुढे काळाठिक्कर पडलेला एक सांगाडा उभा राहतो. त्याला रंग देऊन पुन्हा जुंपावे, की मोडीत घालावे? ह्या प्रश्नाचे उत्तर काजळीवरून मिळत नाही. प्रत्येक भागाचे पोलाद मुळात कसे घडविले होते व आगीत ते किती तापले, ह्या दोन गोष्टी कळल्या तरच ते मिळते.

आग बहुधा दोन ठिकाणांहून येते. पहिले ठिकाण चाकांचे. घाट उतरताना ब्रेक घासत राहिला, किंवा बेअरिंगमधील ग्रीस संपून ते कोरडे फिरू लागले, की हब तापतो आणि शेवटी टायर पेट घेतो. टायरची आग दीर्घकाळ चालते व सहजासहजी विझत नाही. ह्या आगीची आच नेमकी ॲक्सल, पाटे व त्यांवरील तुळई ह्यांना, म्हणजे जेथे भार सर्वांत एकवटलेला असतो त्याच जागी, लागते. दुसरे ठिकाण वर लादलेल्या यंत्राचे. त्यातील हायड्रॉलिक तेल वा डिझेल गळून पेटले की पाटाच्या लाकडी फळ्या जळतात आणि तुळईची वरची पट्टी खालच्या पट्टीपेक्षा कितीतरी अधिक तापते. आग कोठून आली हे आधी ठरविले म्हणजे कोठे बारकाईने पाहावयाचे हेही आपोआप ठरते.

आगीत पोलाद वितळते असा एक समज आहे. वस्तुतः पोलाद वितळावयास सुमारे १५०० अंश सेल्सियस उष्णतामान लागते आणि रस्त्यावरील सामान्य आगीत ते गाठले जात नाही. परंतु वितळण्याच्या फार आधी पोलाद नरम होते. सुमारे ४०० अंशांपर्यंत त्याची ताकद बरीचशी टिकते. ५५० ते ६०० अंशांच्या सुमारास ती निम्म्यावर येते. अमेरिकेतील ओकलंड शहराजवळ २९ एप्रिल २००७ रोजी पहाटे पेट्रोलचा टँकर उलटून पेटला. त्यात सुमारे ३२ हजार लिटर पेट्रोल होते. आगीच्या वर असलेल्या उड्डाणरस्त्याच्या पोलादी तुळया थोड्याच वेळात वाकून तो रस्ता कोसळला. पुष्कळांनी तेव्हा ‘पोलाद वितळले’ असे म्हटले. ते केवळ नरमले होते व स्वतःचाच भार त्यास पेलला नाही. ज्या खालच्या रस्त्यावर टँकर जळला, तो मात्र तपासून व दुरुस्त करून ७ मे रोजी वाहतुकीस खुला झाला. एकाच आगीतून एक भाग नव्याने बांधावा लागतो आणि दुसरा पुन्हा कामास येतो. ट्रेलरच्या बाबतीतही असेच घडते.

नरमलेले पोलाद थंड झाल्यावर त्याची ताकद परत येते काय? येथे पोलादाच्या दोन जाती पाडाव्या लागतात. आपल्याकडील लोहाराला हा भेद पूर्वापार ठाऊक आहे. कोयता घडविल्यावर तो त्यास ‘पाणी देतो’, म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवितो. आणि तोच कोयता पुन्हा चुलीत पडला तर त्याचे ‘पाणी उतरले’ असे म्हणतो. ट्रेलरच्या साध्या तुळया ज्या सौम्य पोलादाच्या असतात, उदाहरणार्थ आपल्या आय. एस. २०६२ ह्या मानकातील २५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचे पोलाद, त्यास असे पाणी दिलेले नसते. ते गिरणीतून गरम लाटून येते व हवेत थंड होते. म्हणून आगीत तापून सावकाश थंड झाल्यावर त्याची बहुतेक ताकद परत येते. अशी तुळई आगीनंतरही सरळ राहिली असेल, तर बहुधा ती वापरण्याजोगी असते.

पाणी दिलेल्या पोलादाची गोष्ट अगदी वेगळी आहे. असे पोलाद आधी तापवून झटकन थंड करतात व मग त्याचा ठिसूळपणा घालविण्यासाठी माफक उष्णतामानावर पुन्हा तापवितात. आगीने ते ह्या दुसऱ्या उष्णतामानाच्या वर नेले, तर त्याची ताकद कायमची घटते. हे दुसरे उष्णतामान बेअरिंगसाठी बहुधा दीडशे ते दोनशे अंश असते. उच्च ताकदीच्या बोल्टांसाठी ते निदान ४२५ अंश, तर हलक्या वजनाच्या ट्रेलरांत वापरल्या जाणाऱ्या ६९० न्यूटन ताकदीच्या पोलादी पत्र्यासाठी सुमारे ६०० अंश असते. कमानीचे पाटे व ओढणाऱ्या गाडीस ट्रेलर जोडणारी किंगपिन हीदेखील पाणी दिलेलीच असतात. अर्थात वाकलेली तुळई डोळ्यांना दिसते आणि मालक तिच्याबद्दल काळजी करतो. पण ज्या बोल्टाचे पाणी उतरले आहे तो पूर्वीसारखाच दिसतो, त्याचे आटेही शाबूत असतात, आणि तोच अधिक घातक होय.

कित्येक मालक अशा वेळी जळलेल्या ट्रेलरवर एखादा जुना डोझर चढवून पाहतात व ‘पूर्वीइतकाच दबला, अधिक नाही’ असा निर्वाळा देतात. ही परीक्षा फसवी आहे. भाराखाली तुळई किती लवते हे पोलादाच्या ताठपणावर अवलंबून असते आणि हा ताठपणा, म्हणजे सुमारे दोन लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, सौम्य पोलादात आणि पाणी दिलेल्या पोलादात जवळजवळ सारखाच असतो. पाणी उतरले म्हणून तो बदलत नाही. बदलते ती मर्यादा, जिच्यापलीकडे गेलेली तुळई परत सरळ होत नाही. ती मर्यादा एखाद्या खड्ड्यात, भरल्या भाराचा हिसका बसला म्हणजे ओलांडली जाते.

तपासणीस हात घालण्यापूर्वी काही धोके ध्यानात घेतले पाहिजेत. आग विझल्यानंतरही तापलेला, हवा भरलेला टायर फुटू शकतो. आतील रबर कुजून निघालेला वायू त्यात साठलेला असतो. म्हणून तो पूर्ण थंड होईपर्यंत त्याच्याजवळ जाऊ नये. हवेच्या ब्रेकच्या मागील डब्यात एक जबर स्प्रिंग दाबून ठेवलेली असते व तो डबा पुष्कळदा ॲल्युमिनियमचा असतो. आगीने डबा कमजोर झाला असेल तर ती स्प्रिंग तोफेच्या गोळ्यासारखी बाहेर पडते, म्हणून तो डबा कोणीही खोलू नये. स्प्रिंग जखडण्याची रीत माहीत असलेल्या कारागिराकडूनच तो उतरवावा. काही तेलबंद कड्या फ्लोरिनयुक्त रबराच्या असतात. ते जळले की त्याचा चिकट काळा अवशेष राहतो व त्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असू शकते. ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करते. असल्या अवशेषास उघडा हात लावू नये.

आता उष्णतामान किती चढले हे शोधावयाचे. आगीच्या वेळी तेथे उष्णतामापक नव्हता हे खरे, तथापि वितळलेल्या वस्तू साक्ष देतात. शिसे ३२७ अंशांना, जस्त सुमारे ४२० अंशांना आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. तांबे १०८५ अंशांना. दिव्याचे ॲल्युमिनियमचे घर थेंब थेंब गळून गोठले असेल आणि शेजारची तांब्याची तार शाबूत असेल, तर त्या जागी उष्णतामान कोणत्या दोन मर्यादांमध्ये होते हे सहज कळते. रंग केवळ फुगला असेल तर आच सौम्य होती. तो समूळ जळून खाली करडी, जाड पापुद्र्यांची खपली धरली असेल तर ते पोलाद लाल झाले होते असेच मानावे. ही निरीक्षणे सांगाडा धुण्यापूर्वी करावयाची असतात. खडूने प्रत्येक जागेवर खुणा कराव्या आणि छायाचित्रे घ्यावी.

त्यानंतर मोजमाप. पोलादाचा दहा मीटर लांबीचा तुकडा ५०० अंशांनी तापला तर सुमारे साठ मिलिमीटर वाढतो. दोन्ही टोके जखडलेली असल्यास ह्या वाढीला वाव मिळत नाही व तुळई आडवी-तिडवी दबते; थंड होताना ती आखडते आणि वेल्डिंगच्या सांध्यांना चिरा पाडते. म्हणून सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजावे, दोरी ताणून तुळईची रेषा पाहावी, आणि किंगपिनपासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर समान आहे काय हे तपासावे. पुष्कळ ट्रेलरांच्या तुळया मुद्दाम किंचित वर उचललेल्या घडवितात, म्हणजे भार आल्यावर त्या सपाट होतात. रिकामा ट्रेलर अगदी सपाट दिसला म्हणून समाधान मानू नये; तो उचल गमावून बसलेला असेल. सांधे घासून स्वच्छ करावे आणि रंगद्रव्याने किंवा चुंबकीय भुकटीने चिरा शोधाव्या.

पाणी उतरले की नाही ह्याचा निर्णय कठिनतेच्या मापनाने होतो. स्वीडिश अभियंता ब्रिनेल ह्याने १९०० साली पुढे मांडलेल्या पद्धतीत कठीण गोळी ठराविक दाबाने पोलादात रुतवितात व पडलेल्या खळीवरून अंक काढतात. आज हातात मावणारी उपकरणेही मिळतात. ब्रिनेल अंकास सुमारे साडेतीनने गुणिले की पोलादाची ताणशक्ती न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये ढोबळपणे मिळते. १३० अंक म्हणजे सुमारे ४५० न्यूटन, २४० अंक म्हणजे सव्वाआठशेच्या आसपास. एकाच तुळईचा जळलेला आणि न जळलेला भाग शेजारी शेजारी मोजावा. ही तुलना पुस्तकातील कोष्टकापेक्षा अधिक विश्वसनीय असते. अंक उतरला असेल तर पोलाद नरमले आहे. क्वचित तो चढलेलाही आढळतो. लाल झालेल्या जागी बंबाचे पाणी पडले असेल तर तेथे पोलाद नको तेवढे कठीण व ठिसूळ झालेले असते.

दुरुस्तीत पहिला भाग वादाचा नाही. टायर, तारा, हवेच्या नळ्या व टाक्या, ब्रेकचे डबे व लायनर, बेअरिंग, आचेत आलेले सर्व उच्च ताकदीचे बोल्ट, पाटे व चाकांच्या रिमा ह्यांची परीक्षा करीत बसू नये, ते बदलावे. किंगपिनजवळ आच पोहोचली असेल तर तीही बदलावी. तिच्या किमतीची व तिच्यावर लोंबणाऱ्या जोखमीची तुलनाच होऊ शकत नाही.

तुळईचे वाकणे थोडे असेल तर ती गॅसच्या ज्योतीने त्रिकोणी पट्ट्यांत तापवून सरळ करता येते. ह्या कामात उतावीळपणा बाधतो. सौम्य पोलाद ६५० अंशांच्या वर व पाणी दिलेले ६०० अंशांच्या वर नेऊ नये. उष्णतामान दाखविणाऱ्या खडूने ते पाहावे, ज्योतीच्या रंगावरून अंदाज करू नये. गरम तुळईवर बादली ओतणे तर सर्वस्वी वर्ज्य. वाक अधिक असेल, किंवा सांध्याजवळ चिरा असतील, तर तो भाग कापून त्याच जातीचे पोलाद जोडावे. नव्या जोडाची जागा मात्र तुळईच्या मध्यावर, खालच्या पट्टीत आडवी येऊ देऊ नये, कारण ताण तेथेच सर्वाधिक असतो. ट्रेलर पाणी दिलेल्या पोलादाचा असून चाकांवरील तुळयांचा अंक उतरलेला आढळला, तर माझ्या मते डागडुजीचा विचार सोडावा. तेथे चांगले ठिगळ लावण्यास लागणारे कौशल्य व खर्च बहुधा नव्या सांगाड्याइतकाच होतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे रस्त्यावर उतरण्यापूर्वी योग्यतेचा दाखला लागतोच. परंतु त्या तपासणीत प्रामुख्याने ब्रेक, दिवे, टायर अशा गोष्टी पाहिल्या जातात, आणि तुळईची कठिनता मोजणे ही मालकाचीच जबाबदारी राहते. दुरुस्त ट्रेलरवर प्रथम निम्मा भार घालावा, तुळईची उचल मोजून नोंदवावी, भार उतरवून ती पुन्हा मोजावी; मग पूर्ण भाराने तेच करावे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सारे बोल्ट पुन्हा आवळून पाहावे आणि नव्या सांध्यांवर पुन्हा एकदा रंगद्रव्य फिरवावे.