रात्री पोटरीत येणारे गोळे : रामदासपेठ गाठण्यापूर्वी वाचावे



उसाचे ओलीत आटोपून घरी यावे, हातपाय धुऊन बाजेवर अंग टाकावे, आणि डोळा लागतो न लागतो तोच पोटरीत असा गोळा यावा की माणूस ओरडून उठून बसावा, हा अनुभव आपल्यातील पुष्कळांचा आहे. कोणी याला गोळा म्हणतात, कोणी पेटका, कोणी वांब. साठीच्या पुढच्या माणसांत तर दर तिघांत एकाला तरी हा त्रास असतो. बाई गरोदर असली तर शेवटच्या तीन महिन्यांत तिलाही होतो. एवढ्याने कोणी दगावत नाही. पण झोप मोडते, दुसरे दिवशी पोटरी ठणकते, आणि मग "अशक्तपणा आला" म्हणून सलाईन, कॅल्शियमचे इंजेक्शन, ताकदीच्या गोळ्या असा खर्च सुरू होतो. त्यातला बराचसा वाया जातो, म्हणून हा लेख.

आधी गोळा म्हणजे काय ते पाहू. पोटरीचा स्नायू टाचेच्या वरच्या जाड शिरेने टाचेला बांधलेला असतो. आपण झोपलो म्हणजे पावले आपोआप खाली झुकतात, वरून गोधडीचा भार असला तर जास्तच. पाऊल खाली गेले की पोटरी आखूड होते. अशा आखूड झालेल्या स्नायूला मज्जातंतूकडून नुसती एक चुकार चेतना आली तरी तो आवळतो, आणि आधीच आखूड असल्यामुळे सुटायचे नाव घेत नाही. दगडासारखा टणक लागतो तो हाच. काही सेकंदांपासून आठ-दहा मिनिटांपर्यंत तो राहतो.

हे समजले की उपायही आपोआप समजतो. आखडलेला स्नायू ताणला पाहिजे. गुडघा सरळ ठेवावा आणि पायाची बोटे आपल्या नडगीकडे ओढावीत. हात पोचत नसेल तर दुपट्टा तळपायाखालून घालून दोन्ही टोके आपल्याकडे ओढावीत. घरातल्या कोणाला सांगता आले तर त्याने एक हात गुडघ्यावर ठेवून दुसऱ्या हाताने तळपाय वर दाबावा. उभे राहता येत असेल तर टाच जमिनीला पुरी टेकवून उभे राहावे. झटका मात्र देऊ नये; हळूहळू, सोसेल इतपतच ताण द्यावा. मांडीच्या मागच्या बाजूला गोळा आला तर गुडघा सरळ करावा, पुढच्या बाजूला आला तर गुडघा दुमडून टाच कुल्ल्याकडे न्यावी. बरेच जण आधी चोळायला लागतात आणि पाऊल तसेच खाली झुकलेले राहते. चोळणे, गरम पाण्याची पिशवी, तेल हे सगळे गोळा सुटल्यावर. साखरेचा आजार असलेल्यांच्या पायाला चटका कळत नाही. त्यांनी शेकण्यापूर्वी पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याच्या हाताने पाहून घ्यावे.

गोळा येऊच नये म्हणून काय करावे? १९७९ साली एका अमेरिकन डॉक्टराने तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात भिंतीचा एक साधा व्यायाम सांगितला होता. भिंतीपासून दोन-तीन फुटांवर उभे राहायचे, तळहात भिंतीला टेकवायचे, टाचा जमिनीवरून न उचलता अंग पुढे झुकवायचे. पोटरीत ताण जाणवला की दहा सेकंद थांबायचे, सोडायचे, पुन्हा करायचे. असे तीनदा, दिवसातून तीन वेळा, शेवटची खेप झोपण्यापूर्वी. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांवरील ८० जणांवर चाचणी झाली. त्यातल्या निम्म्यांनी सहा आठवडे झोपण्यापूर्वी पोटरी आणि मांडी ताणली, त्यांचे गोळे कमी झाले. त्याआधी ब्रिटनमध्ये झालेल्या एका चाचणीत मात्र फरक दिसला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. तरीपण भिंतीला पैसे पडत नाहीत, तेव्हा महिनाभर करून पाहायला हरकत नसावी. गोधडी पायथ्याशी खोचून घेऊ नये, एवढी एक गोष्ट आजपासूनच करता येईल.

गोळ्या-औषधांविषयी. जुन्या पिढीला कोयनेल ठाऊक आहे. हिवतापावरची ती कडू गोळी पायाच्या गोळ्यांवरही दिली जात असे. तिने थोडा गुण येतो हे खरे, परंतु तिच्यामुळे रक्त गोठवणाऱ्या पेशी एकाएकी कमी होऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून अमेरिकेत १९९० च्या दशकातच या कामासाठी तिची चिठ्ठीशिवाय विक्री बंद झाली. दुकानातून आपल्या मनाने ती आणू नये. मॅग्नेशियमचा म्हातारपणाच्या गोळ्यांवर विशेष उपयोग चाचण्यांत दिसलेला नाही. कॅल्शियमचे इंजेक्शन दर पंधरा दिवसांनी घेणारेही आपल्यात आहेत; रक्तात कॅल्शियम कमी असल्याचे तपासणीत निघाल्याशिवाय त्याला काही आधार नाही.

आता घामाच्या गोळ्यांचे वेगळे प्रकरण. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतप्यात भर उन्हात बेण्याची खांदणी किंवा खोडव्याची मशागत करणाऱ्याच्या अंगातून घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. तो तांब्यावर तांब्या नुसते पाणी पितो आणि संध्याकाळी हात, पोट, पाय सगळीकडे गोळे येतात. इंग्लंडातल्या खोल, उष्ण कोळसा खाणींत १९२० च्या दशकात हेच आढळले होते, आणि पाण्यात थोडे मीठ घालून दिल्यावर खाणकामगारांचे गोळे थांबले होते. हगवण-ओकारीतही पायाला असेच वांब येतात. तिथे आपल्या कारखान्याची साखर कामी येते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली, सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य माणसे वाचवली. साखर आतड्यातून मिठाला आत ओढून नेते, मिठामागे पाणी जाते, असे त्याचे काम आहे. पाकीट नसेल तेव्हा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ यापेक्षा जास्त नको. नुसता उसाचा रस म्हणाल तर त्यात साखर आहे, मीठ जवळजवळ नाही. तो याची जागा घेत नाही. आणि रक्तदाबाच्या माणसाने रोजच्या रात्रीच्या गोळ्यावर मीठ हे औषध समजू नये.

रक्तदाबाचा विषय निघालाच आहे. लघवी जास्त होण्याची जी गोळी रक्तदाबावर किंवा पायाच्या सुजेवर देतात, तिने अंगातले पोटॅशियम, सोडियम कमी होऊन गोळे येऊ शकतात. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी स्नायू दुखतात. दम्याच्या काही पंपांनीही गोळे वाढतात. गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात रात्रीचे गोळे सुरू झाले, असा हिशेब जुळत असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. परस्पर गोळी बंद करू नये. रक्तदाबाची गोळी सोडून अर्धांगवायू ओढवून घेणे फार महाग पडते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जो गोळा नसतोच, तो ओळखणे. विडी किंवा तंबाखूवाल्या सभासदांनी हा भाग दोनदा वाचावा. धुऱ्यावरून दोनशे पावले चालले की पोटरी भरून येते, उभे राहिले की दोन मिनिटांत मोकळी होते, पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा भरते, असे होत असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत असे समजावे. पुढे रात्री पाऊल आणि बोटे ठणकू लागतात, आणि बाजेवरून पाय खाली लोंबता सोडला की बरे वाटते. खरा गोळा असा लोंबता पाय सोडून जात नाही, तो ताणल्याने जातो. आणि खऱ्या गोळ्यात पोटरी हाताला टणक लागते, इथे ती मऊच असते. हा फरक न ओळखता वर्षभर तेल चोळत बसलेल्याचे बोट काळे पडते, मग पाय कापायची वेळ येते. अशा माणसाची विडी त्याच दिवशी सुटली पाहिजे, आणि पायाची नाडी डॉक्टरांनी हात लावून पाहिली पाहिजे.

एकच पोटरी सुजली, गरम झाली, सतत दुखते आहे, विशेषतः आजारात पडून राहिल्यावर, ऑपरेशननंतर किंवा बाळंतपणानंतर, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. तसेच फवारणी करून आल्यावर स्नायू फडफडणे, लाळ, घाम, अंधारी येणे हा विषबाधेचा प्रकार आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. तिथे घरगुती उपायात वेळ घालवू नये, अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन निघावे.

आपल्याकडे दुखणे लांबले की माणूस नागपूरला रामदासपेठेत दाखवायला जातो. तिथे दवाखान्याला दवाखाना लागून आहे, एका दिवसात सगळे होते, हे खरे. पण गाडीभाडे, बुडालेला दिवस आणि तपासण्या धरल्या तर खर्च काही थोडा नाही, आणि डॉक्टरांसमोर मिळतात पाच-दहा मिनिटे. तेव्हा जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत, आयुर्वेदिक आणि दुकानातून आणलेल्यासुद्धा. पंधरा दिवस कॅलेंडरवर खूण करावी : कोणत्या रात्री गोळा आला, कोणत्या पायाला, त्या दिवशी काय काम केले होते. "पाय दुखतो" एवढेच न सांगता चालताना दुखतो की झोपेत, ताणल्याने थांबतो की लोंबता सोडल्याने, हे सांगावे. एवढ्यावरून निम्मे निदान होते. साखर, मूत्रपिंडाचे काम, सोडियम-पोटॅशियम, थायरॉईड या रक्ताच्या साध्या तपासण्या आहेत. पाय बधिर असतील, झिणझिण्या येत असतील तर बी-१२. पायाचे फोटो, मोठ्या मशीनवरच्या तपासण्या प्रत्येकाला लागत नाहीत, त्या कशासाठी हे विचारण्यात संकोच नसावा. ज्यांना रामदासपेठेचा खर्च झेपत नाही त्यांनी मेडिकलचा, म्हणजे १९४७ पासून चालू असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा, बाह्यरुग्ण विभाग गाठावा. सकाळी लवकर पोचून चिठ्ठी काढावी, कारण रांग मोठी असते.