एचआयव्हीची औषधं मोफत, एसटीही मोफत. मग अडतं कुठे?

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातलं इस्लापूर तुम्हाला सहस्रकुंड धबधब्यामुळे माहीत असेल. तिथून नांदेड शहर नव्वद-शंभर किलोमीटर. धबधबा बघायला एकदा जाऊन यायचं तर हे अंतर काहीच नाही. पण एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला गोळ्यांसाठी आयुष्यभर तोच रस्ता तुडवावा लागला तर?

गोळ्यांचे पैसे पडत नाहीत. सरकारी एआरटी केंद्रांत मोफत उपचार १ एप्रिल २००४ पासून सुरू झाले. २०१७ पासून तर सीडी-४ पेशी किती आहेत याची वाट न बघता, निदान झालं की उपचार सुरू होतात. गोळी रोज घेतली की विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. तो तसाच राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो, कधी औषधाला दाद देईनासा होतो.

म्हणजे सगळं येऊन थांबतं केंद्रात वेळेवर पोहोचण्यावर. मजुरी करणाऱ्याची त्यात दिवसाची हजेरी बुडते, ते वेगळंच.

एसटी महामंडळाने एचआयव्हीबाधितांना साध्या बसमध्ये मोफत प्रवास दिला आहे. चांगलीच गोष्ट. पण त्यासाठीचा दाखला दाखवायचा कुणाला? कंडक्टरला, तोही भरलेल्या बसमध्ये. शेजारच्या सीटवर गावातलंच कुणी असेल तर? एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्यानुसार कोर्टाचा आदेश नसेल तर कुणालाही स्वतःचा एचआयव्ही अहवाल उघड करायला भाग पाडता येत नाही. सवलत मात्र तो उघड केल्याशिवाय मिळत नाही. तिकिटाचे पैसे वाचवायचे की गुपित, हे ज्याचं त्याने ठरवायचं!

खेपाच कमी करणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. तब्येत स्थिर असेल तर जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या ‘लिंक एआरटी’ केंद्रातून गोळ्या घेता येतात का, हे मुख्य केंद्रात विचारावं. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाल्या तर वर्षाच्या बारा खेपा चारवर येतात. जवळच्या केंद्रात ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती असेल, तर दुसऱ्या केंद्रात नाव वर्ग करून घेता येतं. माहितीसाठी १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे नाव न सांगताही बोलता येतं.

आणि एखाद्या दवाखान्याने, सरकारी असो वा खासगी, एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारले तर? तो कायद्याने भेदभाव आहे. तक्रार या कायद्याखालच्या लोकपालाकडे करायची (भ्रष्टाचारवाला लोकपाल वेगळा). त्याने ३० दिवसांत आदेश द्यायचा असतो, आणि जीवावर बेतलं असेल तर शक्यतो २४ तासांत.