फाईल सर्व्हरवर चढेना? आधी लाल ओळ वाचा

बेळगाव : वार्षिक सभांचा हंगाम आला की सीमाभागातल्या पतसंस्था, वाचनालये आणि मंडळांच्या कार्यालयांत एक नवी धावपळ दिसते. अहवालाची पीडीएफ तयार असते, ‘वेबसाईटवर पाहा’ असे सभासदांना कळवूनही झालेले असते, आणि फाईल काही केल्या सर्व्हरवर चढत नाही. साईट करून दिलेला पोरगा पुण्याला नोकरीला गेलेला. मग कुणी राऊटर बंद-चालू करतो, कुणी पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकतो. या दुसऱ्या उपायाने तर काम आणखी बिघडते.

घरच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर फाईल पाठवण्याची जुनी रीत म्हणजे एफटीपी. ती पहिल्यांदा १९७१ मध्ये लिहून काढली अभय भूषण यांनी. मूळचे अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले. क्रोम आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकले, त्यामुळे ब्राउझरमध्ये पत्ता टाकून बसण्यात अर्थ नाही. फाईलझिलासारखा मोफत प्रोग्रॅम लागतो. त्याच्या वरच्या भागात ओळी सरकत असतात, त्यातली लाल ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत. बिघाड कुठे आहे हे तीच सांगते.

सर्वात जास्त घोळ होतो तो असा : लॉगिन होते, पण फोल्डरची यादी येत नाही. थोड्या वेळाने ‘टाइम्ड आउट’ किंवा ४२५ आकडा दिसतो. याचे कारण, एफटीपीला दोन वाटा लागतात. निपाणीचा व्यापारी सौदा फोनवर करतो, माल मात्र टेम्पोने जातो, तसेच हे. फोन म्हणजे २१ नंबरचा पोर्ट. माल जातो वेगळ्या जोडणीने. ‘ॲक्टिव्ह’ पद्धतीत टेम्पो सर्व्हर पाठवतो, आणि घरचा राऊटर वॉचमनसारखा त्या अनोळखी गाडीला दारातच अडवतो. ‘पॅसिव्ह’मध्ये टेम्पो आपण पाठवायचा, म्हणजे अडवणूक टळते. सेटिंगमध्ये जाऊन पॅसिव्ह निवडा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. तरीही अडलेच तर त्याच कॉम्प्युटरला मोबाईलचा हॉटस्पॉट जोडून बघा. त्यावर चालले तर दोष घरच्या लाईनमध्ये, राऊटरमध्ये, नाहीतर सर्व्हरने तुमचा आयपी पत्ता अडवलेला. त्यावरही नाही चालले तर अँटिव्हायरसची फायरवॉल तपासा, मग होस्टिंगवाल्याला फोन करा.

५३० आला की युजरनेम किंवा पासवर्ड चुकला. व्हॉट्सॲपवरून कॉपी करताना शेवटी एक मोकळी जागा चिकटून येते, ती डोळ्यांना दिसत नाही. दोनदा चुकले की थांबा. चार-सहा चुकीच्या प्रयत्नांनंतर अनेक सर्व्हर तुमचा पत्ताच बंद करतात, मग बरोबर पासवर्डही आत जात नाही आणि लोक नेटला शिव्या घालतात. ५५० म्हणजे वाट ठीक, पण त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही. ५५२ म्हणजे जागा संपली. बहुधा जुने बॅकअप तिथेच पडलेले असतात.

फाईल चढली, पण साईटवर दिसत नाही? ती ‘पब्लिक एचटीएमएल’ या फोल्डरात गेली का ते बघा. काही होस्टिंगमध्ये या फोल्डराचे नाव वेगळे असते. बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात, तिथे इंग्रजी मोठे आणि लहान अक्षर वेगळे धरले जाते. फाईलचे नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्यावे. मराठी अहवालाला मराठी नाव द्यावेसे वाटते, पण ते आतल्या मजकुरात शोभते. मध्येच लाईट गेली असेल तर दोन्हीकडचा आकार जुळवा, रोजकीर्द ताडून बघतो तसा. अर्धी चढलेली पीडीएफ उघडत नाही.

वेळेचाही हिशेब करावा. जाहिरातीतला वेग बहुधा डाउनलोडचा असतो. अपलोड २ एमबीपीएस मिळत असेल तर ६० एमबीच्या अहवालाला चार मिनिटे लागतात. तेवढ्यात ‘अडकले’ म्हणून रद्द करू नये.

राहता राहिला पासवर्ड. साध्या एफटीपीत तो उघडाच जातो, पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा. होस्टिंगवाला देत असेल तर २२ नंबरच्या पोर्टवरचे एसएफटीपी घ्यावे, नाहीतर टीएलएसचा पर्याय निवडावा. सायबर कॅफेच्या मशीनवर तो सेव्ह करू नये. फाईलझिलामध्ये मास्टर पासवर्ड लावला नसेल तर तो सहज वाचता येतो. पुण्याला गेलेल्या पोराकडून सगळी माहिती लिहून घेऊन पासवर्ड बदलावा. होस्टिंग आणि डोमेन कुणाच्या ईमेलवर आहे तेही त्याच फोनमध्ये विचारून घ्यावे, कारण नूतनीकरणाची सूचना त्याच ईमेलवर जाते.