माळा, भाच्याची सर्दी आणि माझा पंप

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, ॲलर्जीवाल्यांनाच सर्दी इतकी का नडते? तर आज तेच, आणि सुरुवात माझ्या मूर्खपणापासून.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत मी घरचा माळा आवरायला घेतला. भाच्याकडून आलेली सर्दी होतीच. भाचा चार दिवसांत खेळायला लागला. मी मात्र चौथ्या रात्री दोन वाजता इमर्जन्सीत नेब्युलायझर लावून बसलो होतो. मला धुळीतल्या माइट्सची ॲलर्जी आहे, त्यातूनच दमा. आणि रोजचा स्टेरॉइडचा पंप मी महिनाभर आधी स्वतःच बंद केलेला, का तर बरं वाटतंय म्हणून.

आई म्हणाली, "तुझी प्रतिकारशक्तीच कमी आहे रे." मलाही तसंच वाटायचं. पण भानगड वेगळी आहे.

सर्दीचा नेहमीचा विषाणू म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. तो शिरला की पेशी इंटरफेरॉन सोडतात, म्हणजे शेजारच्या पेशींना 'दारं लावून घ्या' असा निरोप. हा निरोप मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्या काही खास पेशी असतात, प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशी. (नाव मीही तीनदा वाचून पाठ केलंय.) गंमत अशी, की ॲलर्जीची आयजीई अँटिबॉडी याच पेशींवर चिकटून बसते. त्या आयजीईला धुळीतलं ॲलर्जन भेटलं, की पेशीचा इंटरफेरॉनचा निरोप क्षीण होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर खोट्या अलर्टवर सगळी टीम धावली आणि खरा सर्व्हर पडला तेव्हा फोन उचलायला कोणी नाही. वर ॲलर्जीने श्वासनलिका आधीच सुजलेली, त्यामुळे थोडा विषाणूही पुरतो.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेत शाळा उघडल्या की सर्दी पसरते आणि मुलांच्या दम्याचे झटके वाढतात. तिथल्या शहरी मुलांवरच्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शाळा सुरू व्हायच्या चार ते सहा आठवडे आधी काहींना ओमॅलिझुमॅब दिलं. हे इंजेक्शन आयजीईला अडवतं. त्यांचे झटके कमी झाले, आणि त्यांच्या पेशी ऱ्हायनोव्हायरसला जास्त इंटरफेरॉन देऊ लागल्या. ज्यांच्यात ही वाढ अधिक, त्यांना झटके आणखी कमी.

मात्र प्रत्येक विषाणूला हेच लागू करू नका. कोविडमध्ये ॲलर्जिक दमा हा आपण घाबरलो होतो तितका मोठा धोका ठरला नाही. तो विषाणू ज्या एसीई-2 वाटे शिरतो, ते रिसेप्टर ॲलर्जिक श्वासनलिकेत कमी आढळले.

ओमॅलिझुमॅब महाग आहे आणि सगळ्यांना लागतही नाही. माझ्या डॉक्टरांनी तर जुनाच पंप परत हातात दिला. "सर्दी झाली म्हणून घ्यायचा नाही, सर्दी व्हायच्या आधीपासून चालू हवा," एवढंच म्हणाले. म्हणजे प्रतिकारशक्ती 'वाढवणारे' काढे मी उगाच प्यायलो. इथे कमतरता जोराची नव्हतीच.

यंदा माळा ताई आवरणार आहे. मी कंदील लावतो.