पाट्याचा कोयता

ट्रकच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान असते, तिला पाटे म्हणतात. खड्ड्यांनी पाटा बसला किंवा मोडला की तो भंगारात जातो आणि तिथून किलोच्या भावाने रस्त्याकडेच्या पालावर, घिसाडी लोहाराकडे. आठवडी बाजारात कोयता हातात घेतल्यावर गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं, “पाट्याचा आहे ना?” विचारायला हवं ते नेमकं हेच आहे.

दुकानात मिळणाऱ्या साध्या लोखंडी पट्टीत कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो. ती कितीही तापवा, पाण्यात बुडवा, धार धरण्याइतकी कडक होत नाही. पाट्याच्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो, जोडीला सिलिकॉन, मँगेनीज किंवा क्रोमियम. ओझ्याखाली वाकायचं आणि ओझं उतरलं की सरळ व्हायचं, यासाठीच ते घडवलेलं. उसाच्या बुडख्यावर दिवसभर घाव घालणाऱ्या पात्याला हाच गुण लागतो. याहून कडक पोलादही लोहाराच्या हाताशी असतं. जुन्या कानशीत कार्बन एक टक्क्याच्या वर असतो आणि तिची लहानशी सुरी फार छान होते, पण तिचा कोयता केला तर कठीण गाठीवर त्याचा टवका उडतो.

घिसाड्याच्या भट्टीवर काम जोडप्याचं. नवरा सांडशीत लाल पट्टी धरून लहान हातोडीने जागा दाखवतो आणि बायको त्या जागी घण घालते. पाठ जाड ठेवायची, धारेची बाजू ताणून पातळ करायची, पुढे बाक द्यायचा. एवढं होऊनही ते अजून फक्त कोयत्याच्या आकाराचं लोखंड असतं. खरं काम पुढे आहे, ते म्हणजे पाणी देणं.

पातं पुन्हा भट्टीत जातं. साधारण आठशे अंशांच्या पुढेमागे ते लालबुंद होतं. हा रंग उन्हात फसवतो, म्हणून तो सावलीत बघायचा. रंग बरोबर आला की फक्त धारेची कड पाण्यात बुडते, पाठ तापलेलीच राहते. चर्र आवाज होतो. आता धार काचेसारखी कडक आहे आणि तशीच ठिसूळ. लोहार ती लगेच विटेवर घासून उजळ करतो आणि थांबतो. पाठीतली उष्णता धारेकडे सरकू लागते, तसे त्या उजळ कडेवर रंग चढतात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. हे रंग पृष्ठभागावर चढणाऱ्या ऑक्साइडच्या अतिपातळ थराचे. पिवळा साधारण सव्वादोनशे अंशांना येतो, निळा तीनशेच्या आसपास. भाजी चिरायच्या पात्याला पिवळा पुरे. घाव घालायच्या पात्याला जांभळ्या-निळ्यापर्यंत जाऊ द्यायचं, म्हणजे कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. हवा तो रंग धारेशी पोहोचला की सगळं पातं पाण्यात. काही क्षणांचा उशीर झाला की धार मऊ पडते. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही, आणि तरी हे धातुशास्त्र पक्कं आहे. ज्यांना ते येतं त्यांच्याशी आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, याची मला खरोखर लाज वाटते.

पाट्याचं पोलाद गंजतं, हे खरं. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने 1913 साली सुमारे तेरा टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं, आणि पुढे न गंजणारी सुरी घरोघर पोहोचली. स्वयंपाकघरात तिची सोय मोठी आहे. लोखंडी विळीवर चिरलेलं वांगं काळं पडतं, कारण त्यातलं टॅनिन लोखंडाशी संयोग पावतं. स्टीलच्या सुरीवर ते तितकं काळं पडत नाही. शेतात मात्र मी पाट्याच्याच बाजूचा.

मुठीकडे कुणी फारसं बघत नाही, पण तळहाताला फोड येतात ते मुठीमुळे. बाभळीचं लाकूड जड, चिवट आणि बांधावर मिळणारं. घावाचा हादरा ते पोटात घेतं. कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा उत्तम. सागवान देखणं खरं, पण घाव सोसण्याचं ते लाकूड नव्हे. पात्याचं निमुळतं टोक तापवून मुठीत ठोकतात आणि लाकूड फाटू नये म्हणून तोंडाशी लोखंडी कडी चढवतात. हल्ली लाकडाऐवजी लोखंडी नळीच जोडलेली दिसते. ती मोडत नाही, पण प्रत्येक घावाचा झटका थेट मनगटात जातो. मग तिच्यावर चिंध्या नाहीतर सायकलची ट्यूब गुंडाळायची. ऊसतोडीची उचल ज्या हिशेबाने ठरते, त्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. त्या दोघांना पूर्ण हंगाम हीच मूठ धरायची असते.

धार झिजली तरी पाट्याचा कोयता संपत नाही. तो शेवटून घेतात: लोहार कड पुन्हा तापवतो, ठोकून पातळ करतो, पुन्हा पाणी देतो. दर खेपेला पातं थोडं अरुंद होतं. कोयता म्हणून ते पुरेनासं झालं की त्याचंच खुरपं करून घ्यायला बायका भट्टीवर येतात.