सात थाऊ

पहाटे साडेपाच. वॉचमनने नुकतीच मोटार लावली आहे, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढतंय. पार्किंगमध्ये काकांची जीप मागून उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली आहे आणि पुढच्या चाकांना दोन-दोन विटा लावल्या आहेत. 1968 सालची महिंद्र सीजे-3बी, उंच बॉनेटची. आम्ही मूळचे विट्याकडचे. काका गलाईच्या धंद्यासाठी चेन्नईच्या सौकारपेटेत आले, सोनं गाळता गाळता म्हातारे झाले आणि जाताना ही गाडी माझ्या गळ्यात घालून गेले.

नुंगंबाक्कममध्ये फोर बाय फोर कशाला, असं सोसायटीत सगळे विचारायचे. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळ आलं, वेळचेरीत ताईच्या जिन्याखाली पाणी भरलं आणि तिला आणायला हीच गाडी गेली. त्यानंतर कोणी विचारलं नाही. पण त्या पाण्याने आपली किंमत घेतलीच. मागच्या डिफरन्शियलच्या श्वासनळीतून पाणी आत गेलं, ऑइलचं ताक झालं आणि पुढे पिनियनचं बेअरिंग घरघरायला लागलं. उघडायचंच आहे, तर रेशोही बदलून टाकू, असं ठरवलं.

कारण जुना रेशो म्हणजे बैलगाडीचा हिशोब. क्राऊनला 43 दात, पिनियनला 8, म्हणजे 5.38. चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्टला पाच वेळा फिरून वर थोडं आणखी फिरावं लागतं. शेतात, चिखलात झकास. पण महाबलीपुरमच्या रस्त्यावर टॉप गियरमध्ये ऐंशीला इंजिन बत्तीसशे फेऱ्यांवर किंचाळत असतं. नवी जोडी 47 आणि 11 दातांची, 4.27. त्याच वेगाला अडीच हजारांच्या आसपास. चढावर दम थोडा कमी पडेल, तो सोसायचा.

ही जोडी शोधत पुदुपेटेत दोन शनिवार गेले. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. एका दुकानात पिनियन एका जोडीचं आणि क्राऊन दुसरीचं काढून दिलं. दुकानदाराचं म्हणणं, दात मोजून बघा, बरोबर आहेत. दात बरोबर होतेच, सोयरीक चुकीची होती.

सात वाजता मेस्तिरी आले. पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेले, समोरच्या गल्लीतले. मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला सार म्हणतात. वयाने वीस वर्षांनी मोठे असूनही ते काही सोडत नाहीत. कव्हरचे दहा बोल्ट काढले, जुनं ऑइल परातीत घेतलं. टेपरवर बसलेले हब मात्र पुलर लावूनही हलेनात. पुलर ताणून ठेवला, अण्णांनी टोकावर एकच घण घातला आणि बंदुकीसारखा आवाज होऊन उजवा हब सुटला. तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा नऊपर्यंत भुंकत होता.

बेअरिंगच्या टोप्या काढण्याआधी सेंटर पंचने खुणा केल्या: डाव्या बाजूला एक ठिपका, उजवीला दोन. टोप्या हाउसिंगबरोबरच बोअर केलेल्या असतात, अदलाबदल झाली की संपलं. मग दोन पहारी लावून डिफरन्शियल बाहेर काढलं.

खरं काम इथून पुढे. पिनियन क्राऊनच्या किती जवळ बसायचं, ते आतल्या बेअरिंगच्या कपामागे पातळ शिम घालून ठरवतात. माप थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. पिनियनच्या तोंडावर एक आकडा कोरलेला असतो: जुन्यावर अधिक दोन, नव्यावर उणे एक. म्हणजे जुन्या शिमपेक्षा तीन थाऊ जास्त. ही नुसती सुरुवात. जुळवताना पिनियन पुन्हा पुन्हा काढावं लागतं, आणि दर वेळी घट्ट बेअरिंग ओढून काढलं तर ते मरतं. म्हणून अण्णांनी भंगारातली त्याच नंबरची बेअरिंग आणून आतून घासली, कप बाहेरून घासला. आता ती हाताने सरकतात.

साडेदहाला पहिला शेंदूर. पूजेच्या दुकानातला नव्हे, तिथे हल्ली रंगवलेली भुकटीच मिळते. हा रंगवाल्याकडचा, खरा शिशाचा. तेलात कालवून क्राऊनच्या चार दातांना ब्रशने लावला, मारुतीला लावतात तसा, फक्त पातळ. मग चिंध्यांनी क्राऊन दाबून धरायचा आणि पिनियन पान्याने फिरवायचं. जिथे दात दाताला टेकतो तिथला शेंदूर निघून पोलाद चमकतं. चमकणारा पट्टा दाताच्या अगदी शेंड्याशी आला. पिनियन लांब आहे. सगळं खोला, आणखी तीन थाऊ घाला.

दुपारी एक. गाडीखालून बाहेर आलो तेव्हा बनियन पिळून काढता येईल इतका ओला होता. बातम्यांत चेन्नईच्या पारा-पावसाचे दोन आकडे येतात, मीनंबाक्कम आणि नुंगंबाक्कम. त्यातला दुसरा आमच्या कॉलेज रोडवरच्या हवामान केंद्रातला. तिथेच 1792 मध्ये कंपनी सरकारने वेधशाळा बांधली. पुढे गोल्डिंगहॅम नावाच्या साहेबाने तिथे बसून किल्ल्यावरच्या आणि सेंट थॉमस माउंटवरच्या तोफांची ठिणगी बघायची, धडाम ऐकू येईपर्यंतचे क्षण मोजायचे आणि त्यावरून आवाजाचा वेग काढायचा, असा उद्योग केला. आमच्या हबचा आवाज त्याला उपयोगी पडला असता.

हात साबणाने तीनदा धुतले. शिशाचं भय गलाईवाल्याला सांगावं लागत नाही. आईने पानं वाढता वाढता विचारलं, "फ्रीजात मटाराच्या शेजारी ते लोखंडाचं कडं कुणी ठेवलंय रं?"

"बेअरिंगचा कप आहे, आई. गार झाला की आकसतो, मग हाउसिंगमध्ये बसतो."

"आणि माझी जुनी कढई?"

"त्यात बेअरिंग गरम करायचंय."

आई काही बोलली नाही, पण ताक मला स्वतःला ओतून घ्यावं लागलं.

अडीच. दुसरा शेंदूर. या वेळी पट्टा दाताच्या मधोमध, मुळापासून आणि शेंड्यापासून सारख्या अंतरावर, लांबट तांदळासारखा. अण्णा बॅटरी धरून बराच वेळ बघत राहिले. "पोदुम सार," म्हणाले. पुरे. मला आणखी एक थाऊ घालून बघायची खुमखुमी होती. काकाही सोन्याचा काटा स्थिर झाल्यावर पुन्हा एकदा वजन करायचे आणि दर वेळी वेगळं वजन घेऊन वैतागायचे. मी पाना खाली ठेवला.

मग खरी बेअरिंग. गार कप दोन ठोक्यांत बसला, कढईतलं बेअरिंग पिनियनवर आपसूक घसरलं. पिनियनचा नट दोनशे फूट-पौंडाला. त्यासाठी पान्यात पाण्याचा पाइप अडकवून दोघं लोंबकळलो. शेवटी डायल गेज लावून दातांमधली ढिलाई मोजली: चालते पाच ते दहा थाऊ, आली चार. बाजूचे शिम इकडचे तिकडे केले, सात आली. चार ठिकाणी मोजली, चारही ठिकाणी सात.

साडेसहा. सव्वा लिटर नव्वद नंबरचं ऑइल भरलं. पुढचा एक्सल अजून जुन्याच रेशोचा आहे. दोन्ही असे वेगळे असताना फोर-व्हील टाकला तर पुढचं-मागचं एकमेकांशी भांडून काहीतरी मोडणारच. म्हणून पुढचा प्रोपेलर शाफ्टच काढून गोणपाटात गुंडाळून ठेवला आणि लिव्हरला सुतळी बांधली.

आठ वाजता स्टर्लिंग रोडवरून एक फेरी मारली. घरघर नाही, हूं नाही. टॉपमध्ये इंजिन इतकं शांत, की बंद पडलं की काय म्हणून मी दोनदा कान दिला. स्पीडोमीटर मात्र आता थापा मारणार. त्याची केबल ट्रान्स्फर केसवर, एक्सल बदलल्याचं त्याला ठाऊकच नाही. गाडी ऐंशीने पळेल तेव्हा काटा त्रेसष्ट दाखवेल. अण्णांनी खिशातून खडू काढला आणि डॅशबोर्डवर काट्याच्या शेजारी तमिळमध्ये काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंत?"

"पुढचा रविवार, सकाळी सहा."

घरी आलो तर कढई घासून पालथी घातलेली होती, आणि फ्रीजरमध्ये पुढच्या एक्सलचा कप आईने मटारापासून लांब, बर्फाच्या ट्रेखाली सरकवून ठेवला होता.